नाताळचा आनंद आणि स्वर्गाची दिशा

डिसेंबर महिना अर्धा सरला, खळ्यावरील भाताची झोडणी आटोपून पेंढ्याच्या गंजी उभ्या राहिल्या, म्हणजे आमच्या भिवंडी तालुक्यांत थंडी खरी सुरू होते. याच सुमारास ख्रिस्ती घरांतील माळ्यावरून दोन वस्तु खालीं येतात. एक, गेल्या वर्षीं वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेविलेली कागदी चांदणी; दुसरी, गव्हाणीचा देखावा मांडण्याची पेटी. मुलांच्या तोंडीं तेव्हां नाना प्रश्न असतात. गेल्या नाताळांत पांचवींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें कीं, स्वर्गांत नाताळ असतो काय? प्रश्न लहान मुलाचा असला तरी तो लहान नाहीं. ख्रिस्ती मनुष्य नाताळांत ज्या आनंदाविषयीं बोलतो तो आनंद, आणि ज्या स्वर्गाची तो आशा धरितो तो स्वर्ग, या दोहोंचा संबंध काय हें सांगितल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. तें आम्ही आपल्या समजुतीप्रमाणें येथें देऊं पाहतों. आमच्या शाळेचे पुष्कळ वाचक ख्रिस्ती नाहींत. त्यांनाहि आमचें म्हणणें कळावें असा हेतु आहे.

प्रथम शब्दाविषयीं. ‘नाताळ’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्याच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जन्मासंबंधीं’ असा आहे. गुजराथच्या बहादुरशहानें वसईचा मुलूख १५३४ सालच्या २३ डिसेंबरास तहानें पोर्तुगीजांस दिला, म्हणजे तहावरची शाई वाळली न वाळली तोंच त्यांचा नाताळ आला. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. तारखेचें म्हणाल तर शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख दिलेलीच नाहीं. रोम शहरांत २५ डिसेंबर पाळला जात असल्याचा पुरावा चौथ्या शतकापासून मिळतो. आर्मेनियन मंडळी अद्यापि ६ जानेवारीसच जन्मोत्सव करिते. यावरून सण खोटा ठरतो असें कोणी म्हणूं नये. आपल्याकडील किती तरी वडीलधाऱ्यांची शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख १ जून असते. मास्तरांनीं ती आपल्या सोयीनें घातलेली असते. म्हणून ते जन्मलेच नाहींत असें होत नाहीं.

आतां स्वर्ग. हा शब्द मराठी कानास फार जुना आहे, आणि म्हणूनच घोंटाळ्याचा आहे. पुराणांतील स्वर्ग म्हणजे इंद्राची नगरी. तेथें अमृत, नंदनवन व अप्सरा. परंतु तेथील वास पुण्याच्या शिलकेइतकाच असतो, शिल्लक सरली कीं जीव पुन्हां मृत्युलोकीं येतो, असें गीतेंतच सांगितलें आहे. म्हणजे तो एक प्रकारें भाड्याच्या घरांतील मुक्काम झाला. ख्रिस्ती मनुष्य स्वर्ग म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत असा मुक्काम नसतो. त्याच्या मनांत देवाचा सहवास असतो. तो सरत नाहीं, आणि तो पुण्याचें मोल देऊन विकत घेतलेलाहि नसतो.

हा भेद फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ध्यानीं आला असावा, असें त्यांच्या शब्दांवरून वाटतें. हे इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मगुरु १५७९ मध्यें गोव्यास उतरले व तिकडेच १६१९ मध्यें वारले. त्यांनीं रचिलेलें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. त्यांत दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत, आणि आपल्या भाषेची थोरवी तींत अशा प्रेमानें गाइली आहे कीं मराठी मनुष्यास ती वाचून संकोच वाटावा. या पुराणांत स्वर्गास त्यांनीं ठिकठिकाणीं वैकुंठ म्हटलें आहे. परक्या धर्माचा शब्द त्यांनीं कां घेतला, असें विचारणारे ख्रिस्ती लोक आम्हांस भेटले आहेत. आमचें मत निराळें आहे. जेथून परत यावें लागत नाहीं, आणि जेथें राहण्यापेक्षां ज्याच्याजवळ राहावयाचें तोच मुख्य, असा अर्थ वारकऱ्यांनीं त्या शब्दांत पिढ्यानुपिढ्या भरून ठेविला होता. फादरांनीं तो भरलेला घडा उचलिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, त्यांतलाच हा प्रकार. पुढें बायबलाच्या मराठी भाषांतरांत ‘स्वर्ग’ हाच शब्द रूढ झाला. तो आतां बदलणें नलगे. तथापि फादरांचा कान अधिक तिखट होता, असें आम्हांस वाटतें.

आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत जेथें ‘स्वर्गाचें राज्य’ येतें तेथें मार्क व लूक ‘देवाचें राज्य’ म्हणतात. यहुदी लोक आदरानें देवाचें नांव उच्चारण्याचें टाळीत, त्या रिवाजास धरून मत्तयानें असें लिहिलें, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. हें समजावयास मराठी मनुष्यास कष्ट पडूं नयेत. जुन्या घरांतील स्त्री पतीचें नांव न घेतां ‘तिकडून सांगणें झालें’ असें म्हणे, आणि ऐकणाऱ्यास त्यांत दिशा कळत नसे, मनुष्य कळे. शुभवर्तमानांतील ‘स्वर्ग’ हा शब्द पुष्कळदां असाच आहे. तें देवाचें ‘तिकडून’ आहे.

म्हणून स्वर्ग आकाशांत कोठें आहे हा प्रश्न गौण ठरतो. नाताळची गोष्ट मात्र एका दिशेचा फार आग्रह धरिते, आणि ती दिशा खालची आहे. औगुस्त बादशहाच्या हुकुमानें नांवनिशी चालली होती. योसेफ सुतार गरोदर मरीयेस घेऊन नासरेथाहून आपल्या पूर्वजांच्या बेथलेहेम गांवीं आला. उतारशाळेंत जागा नव्हती. बालक जन्मलें तें गव्हाणींत निजवावें लागलें. गव्हाण म्हणजे काय हें शहरांतील विद्यार्थ्यांस हल्लीं सांगावें लागतें. गोठ्यांत गुरांपुढें वैरण टाकण्यासाठीं लाकडाची किंवा दगडमातीची जी लांबट, खोलगट जागा केलेली असते ती गव्हाण. तिला ओल्या पेंढ्याचा व बैलांच्या लाळेचा वास असतो. चित्रांतील सोनेरी गव्हाणीस तो नसतो, ही चित्रकारांची सभ्यता होय. देवदूतांचें गायन झालें तेंहि वर स्वर्गांत नव्हे, राजवाड्यांत नव्हे, यरुशलेमाच्या मंदिरांतहि नव्हे. बेथलेहेमाबाहेरच्या रानांत, रात्रीं कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांपुढें झालें. संस्कृतांत ‘अवतार’ या शब्दाचा मूळ अर्थ खालीं उतरणें हाच आहे. तरी ख्रिस्ती लोक येशूच्या जन्मास बहुधा ‘देहधारण’ म्हणतात, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणें तें एकदांच झालें, आणि घेतलेला मनुष्यदेह त्यानें पुन्हां कधीं टाकिला नाहीं.

हें उतरणें अडाणी मनुष्यासहि डोळ्यांनीं दिसावें म्हणून असिसीच्या फ्रान्सिसनें १२२३ सालच्या नाताळांत इटलींतील ग्रेच्चो गांवीं खरी गव्हाण, खरें गवत, बैल व गाढव आणवून उपासना करविली. घरोघर मांडल्या जाणाऱ्या देखाव्याची परंपरा त्या रात्रीशीं जोडिली जाते. त्यानंतर शंभर वर्षें भरण्यापूर्वींच त्याच फ्रान्सिसच्या पंथाचे चौघे जण आमच्या ठाण्यास आले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा दिमित्री अशीं त्यांचीं नांवें. ते चीनकडे निघाले होते, पण गलबत ठाण्यास लागलें. ठाण्यांत तेव्हां नेस्तोरी पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, असें त्यानंतर थोड्याच काळानें येथें आलेला प्रवासी ओदोरिक लिहितो. अशाच एका घरीं हे पाहुणे उतरले. १३२१ च्या एप्रिलांत धर्मविषयक वाद होऊन शहराच्या अधिकाऱ्यांच्या हुकुमानें ते मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस यानें देह सोपाऱ्यास नेऊन पुरिले. पुढें ओदोरिकनें त्यांच्या अस्थि चीनपर्यंत नेल्या.

नाताळच्या लेखांत ही हकीकत कशाला, असें वाचक विचारतील. एक कारण असें कीं, नाताळ म्हणजे इंग्रजांच्या आगबोटींतून आलेली वस्तु होय अशी समजूत अजून ऐकूं येते. वस्तुतः सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें ‘कल्लियाना’ येथें इराणांतून नेमिलेला बिशप असल्याचें लिहून ठेविलें आहे, आणि तें ठिकाण म्हणजे आमचें कल्याणच, असें पुष्कळ संशोधक मानितात. परंतु आमचें खरें कारण दुसरें आहे. त्या चौघांस मंडळीनें पुढें हुतात्मे म्हणून मान दिला, आणि तो योग्यच होय. आमच्या मनांत मात्र राहून राहून येतात तीं पंधरा घरें. एप्रिलांत पाहुणे गेले; डिसेंबरांत नाताळ आला. ज्या घरांतून त्यांस नेलें त्या घरच्या बाईनें त्या रात्रीं दिवा लाविला असेल तेव्हां तिला कोणता आनंद झाला असेल?

रिकाम्या जागेसमोर येणारा नाताळ हीच या आनंदाची खरी कसोटी आहे. आमच्याहि घरीं यंदा एक जागा रिकामी आहे. आमच्या मातोश्री गेल्या श्रावणांत देवाघरीं गेल्या. समाचारास आलेल्या बहुतेकांनीं, त्या स्वर्गांत सुखी आहेत, असें सांगून आमचें समाधान केलें. तें आम्ही मानितों. पण खरें सांगावयाचें तर त्या शब्दांनीं स्वयंपाकघर भरलें नाहीं. करंज्यांच्या सारणांत खसखस किती घालावयाची हें स्वर्गांतून कोणी सांगत नाहीं. फार उंचावरचा व फार दूरचा स्वर्ग शोकांत कामास येत नाहीं. उलट तो गेलेल्या माणसास आपल्यापासून अधिकच लांब नेतो. ज्यांनीं हा अनुभव घेतला नसेल त्यांनीं आम्हांस अश्रद्ध म्हणण्याची घाई करूं नये.

या प्रसंगीं आम्हांस आधार वाटला तो पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा. बाईंइतके मृत्यु थोड्यांनींच जवळून पाहिले असतील. दुष्काळांत आईबाप गेले, बहीण गेली. १८८० मध्यें भाऊ गेला, आणि १८८२ मध्यें पति. एकुलती एक कन्या मनोरमाबाई, जिच्या हातीं केडगांवच्या मुक्तिसदनाचा भार सोंपवावयाचा ती, १९२१ च्या जुलैंत वारली. पुढील वर्षीं ५ एप्रिलास बाई स्वतः गेल्या. मायलेकींच्या या दोन मृत्यूंच्या मध्यें एकच नाताळ आला. त्या दिवसांत बाईंच्या हातीं काम होतें तें मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून बायबल सोप्या मराठींत आणण्याचें. नुकतीं अक्षरें गिरवूं लागलेल्या खेड्यांतील बाईसहि तें कळावें, हा त्यांचा हट्ट होता. काम पुरें करून त्या गेल्या, आणि १९२४ मध्यें तें भाषांतर केडगांवींच, आश्रमांतील स्त्रियांच्या हातांनीं छापून प्रसिद्ध झालें. संस्कृतांत सभा जिंकणाऱ्या विदुषीनें उतारवयांत व पुत्रीशोकांत पंडितांची भाषा सोडून ओसरीवरची भाषा धरावी, यास आम्ही नाताळची दिशा म्हणतों. कन्या वर गेली म्हणून बाई वर पाहत बसल्या नाहींत. त्या खालीं वांकून अक्षरें जुळवीत राहिल्या.

त्या बायबलाच्या शेवटच्या पुस्तकांत जें अंतिम चित्र आहे तें नीट पाहिलें म्हणजे नवल वाटतें. मनुष्यें जिना चढून वर जात आहेत असें तें चित्र नाहीं. पवित्र नगरीच खालीं येते, देव मनुष्यांच्या वस्तींत राहावयास येतो, आणि रडणाऱ्यांचे डोळे पुसतो, असें तेथें वर्णिलें आहे. म्हणजे पहिल्या नाताळाची दिशा आणि शेवटच्या दिवसाची दिशा एकच झाली. हें ध्यानीं आल्यापासून आमच्या मातोश्रींविषयींचा विचार बदलला. त्या आम्हांपासून दूर जात आहेत असें आतां वाटत नाहीं. कारण ज्याच्याजवळ त्या गेल्या तो इकडेच यावयास निघालेला आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तरहि यांतूनच निघतें. स्वर्गांत नाताळ नसावा. ज्यांच्याकडे कोणी यावयाचा असतो त्यांचा हा सण आहे, आणि तेथें कोणाची वाट पाहावयाची राहिलेली नसते. सण स्वर्गाचा खरा, पण तो करावयास स्वर्गास खालीं यावें लागलें.

खालीं म्हणजे कोठें, असें कोणी विचारील तर आम्हांस बेथलेहेमापर्यंत जाण्याची गरज वाटत नाहीं. आम्ही राहतों त्या वडपें गांवीं ‘उतरणें’ हा शब्द दिवसभर कानीं पडतो. ठाण्यांतील माजिवड्यापासून निघालेला सुमारें २४ किलोमीटरांचा रस्ता येथें येऊन पोंचतो व पुढें नाशिकाकडे जातो. नागपुराहून येणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ च्या जूनपासून शेजारच्या आमणें गांवापर्यंत आला आहे. भातखाचरें होतीं तेथें गोदामांच्या रांगा झाल्या. एस्. टी. चे उतारू उतरतात, हमाल माल उतरवितात, मालमोटारींचे चालक रात्रीं उतरून रस्त्याकडेला चूल मांडतात. मुंबईकर नाताळांत एकमेकांस ज्या भेटी देतात त्यांपैकीं पुष्कळ याच गोदामांतून निघतात, आणि त्या पाठीवर घेणाऱ्या हमालास त्या रात्रीं सुट्टी नसते.

दिवाळी झाली कीं जव्हार, मोखाडा, शहापूर या बाजूंचीं कातकरी व वारली कुटुंबें या तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर येतात. पावसाळ्यांत पोट भरण्यासाठीं भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं नवरा, बायको आणि हातीं येईल तें मूल माती तुडवितें. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें बंद झाली, परंतु उचल कायद्याहून चिवट आहे. राहावयास खोपट. कच्च्या विटा एकावर एक नुसत्या रचिलेल्या, वर गवत किंवा प्लास्टिकचें कापड. तान्हें मूल साडीच्या झोळींत. या मुलास पुढें कधीं नाताळची गोष्ट सांगितली तर गव्हाण म्हणजे काय, आणि उतारशाळेंत जागा नसणें म्हणजे काय, हें समजावून सांगण्याची जरूरी पडणार नाहीं.

येथें एक खबरदारी घेतली पाहिजे. दारिद्र्य पवित्र असतें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. नाताळचीं कांहीं व्याख्यानें ऐकून तसा समज होतो व तो वाईट आहे. मरीयेनें गव्हाण हौसेनें निवडिली नव्हती. जागा मिळाली नाहीं म्हणून ती वांट्यास आली, आणि जागा न देणारे लोक त्या गांवांत होते. देखाव्यांतील गव्हाण सुंदर दिसते ती तींत निजलेल्या बालकामुळें. खोपट थंडच असतें. स्वर्ग तेथें उतरला याचा अर्थ तेथें सर्व कांहीं ठीक आहे असा नव्हे; तेथें उतरण्यासारखी निकड होती असा आहे. योसेफ त्या रात्रीं वडप्याच्या फाट्यावर उतरला असता तर कोणत्या दारीं गेला असता, हा प्रश्न आम्ही स्वतःस दर वर्षीं विचारितों, आणि आमचें दार त्यास रस्त्यावरून दिसलें असतें कीं नाहीं याची आम्हांस खात्री वाटत नाहीं.

मेंढपाळांची गोष्ट लोक बहुधा अर्धीच सांगतात. देवदूत दिसले, ते धांवत गेले, बाळास पाहिलें, येथवर. पुढें ते परत गेले असें लूक सांगतो. कोठें? कळपाकडे. उघडलेलें आकाश पाहिलें म्हणून त्यांची रात्रपाळी माफ झाली नाहीं. मेंढरें तींच, थंडी तीच, मालकहि तोच असावा. तरी ते देवाची स्तुति करीत गेले. कामावरून सुट्टी न मिळतांहि ज्यास घेऊन कामावर जातां येतें, तो आनंद नाताळचा. तो हंशाखिदळण्याहून शांत असतो, आणि २६ तारखेसहि असतो.

यंदा आमच्या घरीं दोनशें करंज्या करावयाच्या ठरल्या आहेत. शंभर घरीं व शेजारीं लागतील, उरलेल्या भट्टीवर जातील. तेथें मुलें किती आहेत हें आम्हीं गेल्या रविवारीं जाऊन मोजिलें, तीं एकतीस भरलीं. सारणाचें प्रमाण शेवटीं सांपडलें. तें शेजारच्या आगरी काकूंना तोंडपाठ होतें. त्या ख्रिस्ती नाहींत. तें प्रमाण आमच्या मातोश्रींनीं त्यांना शिकविलें कीं त्यांनीं मातोश्रींना, याविषयीं दोघींत अखेरपर्यंत वाद होता. खसखस भाजून, दोन मुठी, मुठी काकूंच्या. त्या तेविसाव्या तारखेस दुपारीं साचा घेऊन यावयाच्या आहेत.